यंत्राच्या खोलीत मुक्काम

प्लिमथहून निघालेली लहानशी गाडी टेमर नदीवरचा उंच पूल ओलांडते आणि तुम्ही डेव्हन सोडून कॉर्नवॉलमध्ये येता. पूल लांबून दगडी दिसतो, पण आहे काँक्रीटच्या ठोकळ्यांचा. बारा कमानींचा, १९०८ च्या सुमाराचा. कॅलस्टॉकला उतरायचं, गावातून खाली नदीकाठी यायचं आणि पश्चिमेकडे चालत राहायचं. थोड्या वेळाने उजव्या हाताला एक अरुंद घळ लागते, तिचं नाव डेन्सकूम. तळाला ओढा, दोन्ही अंगांना झाडी आणि नेचे, भर दुपारीही ओलसर सावली. चढ चढताना झाडांच्या फटींतून एक उंच दगडी घर दिसायला लागतं. आज तुमचा मुक्काम इथे.

घर लँडमार्क ट्रस्टचं आहे. जॉन आणि क्रिस्चन स्मिथ या दांपत्याने १९६५ मध्ये ही संस्था काढली. कोणाला नको असलेल्या, पडायला आलेल्या जुन्या इमारती घ्यायच्या, नीट करायच्या आणि सुट्टीवर येणाऱ्यांना भाड्याने द्यायच्या. भाड्याच्या पैशांतून देखभाल. १९७० च्या दशकात त्यांच्या हाती डेन्सकूमची ही खाणीची इमारत आली आणि तिचं चार माणसांचं कॉटेज झालं. या संस्थेच्या घरांत टीव्ही ठेवत नाहीत. पुस्तकांचं कपाट असतं आणि पाहुण्यांनी काहीबाही लिहावं म्हणून एक वही. तुम्ही चहा टाकता, भिंतीवरून हात फिरवता आणि मनातल्या मनात म्हणता, इथे राहणाऱ्या खाणकामगारांनी काय काय सोसलं असेल!

ते आधी डोक्यातून काढून टाका. इथे खाणकामगार कधीच राहिला नाही. तो राहत होता कुठेतरी चढावरच्या दोन खोल्यांत, सात-आठ माणसांत, गळक्या छपराखाली. ही भक्कम, कोरडी, उबदार इमारत माणसासाठी बांधलेलीच नव्हती. इथे एक वाफेचं इंजिन राहत होतं.

कॉर्नवॉलच्या माळांवर आणि समुद्राच्या कड्यांवर अशी शेकडो इंजिन-घरं उभी आहेत, बहुतेक बिनछपराची, कोपऱ्यात धुराडं असलेली. २००६ मध्ये कॉर्नवॉल आणि पश्चिम डेव्हनचा हा सगळा खाणप्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. या इंजिन-घरांचा साचा ठरलेला. तीन मजले, जागा बेताची आणि उंची भरपूर, कारण यंत्रच उभट. तीन भिंती जाड, चौथी त्याहून जाड, चांगली चार-पाच फूट. यंत्राची बिडाची अजस्र तुळई या चौथ्या भिंतीच्या माथ्यावर मधोमध टेकलेली असे आणि बागेतल्या सी-सॉसारखी वर-खाली होई. अर्धी घरात, अर्धी बाहेर हवेत. मोठ्या यंत्रांत एकट्या तुळईचं वजन पन्नास टनांच्या घरात जाई. आतल्या टोकाला पिस्टन, बाहेरच्या टोकाला काम. कुठे शाफ्टमधल्या पंपांचे दांडे ओढायचे, कुठे चाक फिरवून खडक चिरडणारे रूळ चालवायचे. वाफेच्या या इंजिनाला स्वतःची वेगळी चौकट नव्हती. घराच्या भिंती हीच त्याची चौकट.

हे कळलं की अशा घरात फिरताना भलत्याच गोष्टींचं कौतुक करणं थांबतं. एका बाजूची ती ऐसपैस कमान उजेडासाठी काढलेली नसते. सिलिंडर आत घ्यायला तेवढी जागा लागायची. खिडकीचा कट्टा इतका खोल, की त्यावर मांडी घालून वाचत बसता येतं. तो खोल आहे, कारण त्या भिंतीवर मिनिटागणिक कित्येक टनांचे हेलकावे पडायचे. वरच्या मजल्यावरची, छताला डोकं लागेल अशी निजायची खोली म्हणजे तुळईच्या सांध्यांना वंगण देणाऱ्या माणसाला उभं राहण्यापुरती जागा. एका इंग्रज बँकरने (जॉन स्मिथ बँकर होते आणि काही वर्षं खासदारही) यंत्राच्या मापाने बांधलेल्या पोकळीत माणसांच्या पलंगांची सोय करायचं मनावर घेतलं, यात मला थोडा खोडसाळपणाही दिसतो.

आता जिन्यात बसा. ही खाण १८२२ पासून १९०० पर्यंत चालली, तीही अडखळत, बंद पडत, पुन्हा सुरू होत. आधी तांब्यासाठी, मग आर्सेनिकसाठी. त्यातलं एखादं चालतं साल धरू, १८५० नंतरचं.

पायाखालचा जिना जातो. हाताला लोखंडी कठडा लागतो, तोही तापलेला. आधी नाकाला कळतं. वितळलेल्या चरबीचा वास, कारण यंत्राचे सांधे गुरांच्या चरबीनेच माखलेले असतात. मग ऊब. बाहेर मार्च महिना आहे, घळीत धुकं बसलंय आणि इथे अंगातला कोट नकोसा होतो. आवाज मात्र तुम्ही धरून चाललात तसा नाही. धडधड नाही, खणखण नाही. वाफ एक सुस्कारा सोडते, डोक्यावर तुळई झुकते, बाहेर फार खोल कुठेतरी पाणी सरकल्याची गुरगुर होते आणि मग सगळं थांबतं.

बंद पडलं की काय? नाही. पाण्यावर चालणारी एक छोटी रचना असते, तिला कॅटरॅक्ट म्हणतात. पुढचा हेलकावा कधी सोडायचा ते ती ठरवते. खाणीत पाणी कमी असलं की दोन हेलकाव्यांमधला विसावा लांबतो. पावसाची झड लागली की विसावा जवळजवळ उरतच नाही. आणखी एक गंमत बघा. पाणी उपसणाऱ्या कॉर्निश इंजिनात वाफ पाणी उचलत नाही. वाफ फक्त पंपाचा लांबलचक लाकडी दांडा वर उचलते. तो दांडा आपल्याच वजनाने खाली येतो आणि येताना पाण्याला वर ढकलतो.

"बाजूला सर पोरा," यंत्रावरचा माणूस म्हणतो. त्याच्या हातात चिंध्यांचा बोळा आहे आणि तो झडपेची पितळी मूठ घासतोय. मूठ आधीच लखलखीत आहे. तो तरी घासतो. "तुळईखाली उभं राहत नसतात."

त्याचा तोरा बिनबुडाचा नाही. कॉर्नवॉलमध्ये दगडी कोळसा नाही. तो साउथ वेल्सहून गलबतांनी येतो आणि परतीच्या फेरीत तीच गलबतं तांब्याची कच्ची धातू गाळण्यासाठी स्वान्झीला नेतात. म्हणजे भट्टीत टाकलेलं प्रत्येक फावडं विकतचं, समुद्र ओलांडून आलेलं. आधीच्या पिढीत जेम्स वॉट आपल्या यंत्राने वाचवलेल्या कोळशाच्या किमतीचा तिसरा हिस्सा मागायचा आणि खाणमालक दातओठ खात द्यायचे. १८०० मध्ये त्याचं पेटंट संपलं आणि रिचर्ड ट्रेव्हिथिकसारख्या इथल्या माणसांनी जास्त दाबाची वाफ वापरून वॉटला मागे टाकलं. १८११ पासून जोएल लीन दरमहा एक पत्रक काढू लागला. एक बुशेल कोळशात कोणत्या इंजिनाने किती पौंड पाणी एक फूट उचललं, त्याचा जाहीर हिशेब. १८३५ मध्ये फोई कन्सोल्स खाणीच्या इंजिनाने चाचणीत साडेबारा कोटींचा आकडा गाठला. मालकाच्या दृष्टीने ही कोळशाची बचत. यंत्रावरच्या माणसाच्या दृष्टीने शेजारच्या खाणीचं नाक कापणं.

त्या माणसाशी बोलत राहावंसं वाटतं, पण खरं काम बाहेर आहे. चला.

दाराबाहेर पाऊल टाकताच हातोड्यांचा आवाज कानांवर आदळतो. आत यंत्र शांत आणि बाहेर हा गलका. उघड्यावर, फार तर एका छपरीखाली, बायका आणि मुली धातूचे दगड फोडतायत. यांना बाल-मेडन म्हणतात. कॉर्नवॉलच्या खाणींत बायका सहसा जमिनीखाली उतरत नाहीत. वरची फोडणी, निवडणी त्यांच्याकडे. दणकट बायका लांब दांड्याच्या हातोड्याने मोठे धोंडे फोडतात. त्यांच्याहून लहान मुली बसून आखूड हातोडीने धातूचा तुकडा आणि निकामी दगड वेगळा करतात. तिसऱ्या रांगेत सपाट लोखंडी ठोकणीने त्याचा चुरा होतो. दहा-बारा वर्षांच्या पोरींना दिवसाचे चार पेन्स, बाईमाणसाला शिलिंगाच्या आत-बाहेर.

त्यांच्यातल्या एकीकडे जरा बघून घ्या. डोक्यावर कापडी टोपी, पुढे इतकी वाढवलेली की चेहरा आत बोगद्यात असल्यासारखा. ऊन, पाऊस आणि उडणाऱ्या कपच्या, तिन्हींवर तो एकच उपाय. अंगावर जाडाभरडा पांढरा एप्रन. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळल्यात, कारण दगड धरणारा हात तोच आणि हातोडी चुकली तर तीही तिथेच बसते. ती वर न बघता दगड फिरवते, रेघ शोधते, एक घाव घालते. दोन तुकडे. एक डावीकडे, एक उजवीकडे. पुन्हा पुढचा. धातू कुठली आणि माती कुठली हे तिला रंगावरून आणि हाताला लागणाऱ्या वजनावरून कळतं. त्यासाठी कोणी तिला वेगळी दमडी देत नाही.

दुपारची पाळी सुटते आणि पुरुष वर येतात. शिड्यांनी. शंभर-शंभर फॅदम खोल खाणींत आठ तास घण मारून झाल्यावर परतीचा हा चढ. खोकत खोकत, एकेका टप्प्यावर टेकत. १८४२ मध्ये ट्रेसाव्हीनच्या खाणीत माणसं वर-खाली नेणारा हलता दांडा बसवला गेला, पण तो परवडणाऱ्या खाणी मोजक्या. शिडीच्या तोंडाशी पहिला माणूस दिसतो. राळेने कडक केलेली फेल्टची टोपी, तिच्यावर ओल्या मातीच्या गोळ्यात रोवलेली मेणबत्ती, घामाने आणि तांबूस चिखलाने अंगाला चिकटलेले कपडे. मेणबत्तीचे पैसेही त्याच्याच हिशेबातून कापले जातात. तो थेट बॉयलरच्या अंगाला जातो. ओले कपडे सुकवायला यंत्राची उष्णता वापरायची सोय बऱ्याच खाणींत असते आणि तेवढ्यापुरतं त्याचं या इमारतीशी नातं. पाच मिनिटं पाठ शेकायची, कोरडा सदरा चढवायचा आणि भिजलेल्या वाटेने घरी. यंत्राला थंडी वाजून चालत नाही, त्याचं पाणी गोठून चालत नाही. म्हणून त्याला उबदार घर. माणूस काय, थंडीत चालतो.

आता तीस-पस्तीस वर्षं पुढे जाऊ. तांब्याचे दिवस सरलेत. १८६६ मध्ये लंडनमधली एक मोठी पेढी बुडाली, त्यातून बाजार कोसळला, वर चिली आणि अमेरिकेतून स्वस्त तांबं यायला लागलं. टेमरच्या खोऱ्यातल्या खाणमालकांना तेव्हा आठवलं, की आपण इतकी वर्षं कचरा म्हणून ढिगावर फेकलेल्या धातूतही माल आहे. आर्सेनिक. ऐन भरात या खोऱ्यातून जगातलं निम्म्याहून अधिक आर्सेनिक जात होतं असं सांगतात. नदीपलीकडची डेव्हन ग्रेट कन्सोल्स, एके काळची युरोपातली पहिल्या क्रमांकाची तांब्याची खाण, शेवटची वर्षं यावरच जगली.

करायचं इतकंच. आर्सेनिकयुक्त धातू भट्टीत भाजायची. धूर सरळ धुराड्यात सोडायचा नाही. विटांच्या लांबच लांब, नागमोडी बोगद्यांतून तो फिरवायचा. फिरता फिरता तो थंड होतो आणि भिंतींवर पांढरी साय धरते. मग भट्टी विझवायची, बोगद्याची बुजवलेली दारं फोडायची आणि आत माणूस पाठवायचा, साय खरवडायला.

त्या माणसाची तयारी बघा. नाकपुड्यांत कापसाचे बोळे. तोंडावर रुमाल. उघड्या कातडीवर, मनगटांवर, मानेवर ओल्या मातीचा लेप. संरक्षणाची साधनं संपली. तो आत वाकून शिरतो, खोऱ्याचा खरखर आवाज येतो, आणि दारातून पांढरी भुकटी बाहेर पडायला लागते, दिसायला तांदळाच्या पिठीइतकी निरुपद्रवी. चिमूटभर पोटात गेली तर माणूस वाचणार नाही. घाम आला की काखेत, जांघेत, मानेच्या घडीत मातीचा लेप सुटतो आणि तिथे फोड येतात. ते चिघळतात. तो पुन्हा माती लावतो. माल शुद्ध करून पिंपांत भरला जातो आणि नदीने बाहेर पडतो. काचकारखान्यांना, मेंढ्यांच्या लोकरीतल्या किडी मारायला, भिंतीला लावायच्या हिरव्या कागदांना, अमेरिकेतल्या बटाट्यावर आणि पुढे कापसावर फवारायला. भिंतीला सुंदर हिरवा कागद लावलेली कितीतरी घरं त्या काळी इंग्लंडमध्ये होती आणि त्या दिवाणखान्यांत बसून लोक मजुरांच्या कल्याणाच्या गप्पा मारत असतील, त्याची कल्पना करायला मला फार कष्ट पडत नाहीत.

हा सगळा उद्योग ज्या खोऱ्यात चालला, तिथे आज पाहुणे मोकळी हवा घ्यायला येतात. हवा खरोखरच चांगली आहे. माती मात्र विसरलेली नाही. आर्सेनिक कुजत नाही, उडून जात नाही. टेमर खोऱ्यातल्या जुन्या भट्ट्यांच्या आसपास अजून असे उघडे पट्टे सापडतात जिथे गवतही धड उगवत नाही.

१९०० साली डेन्सकूममधलं काम थांबलं ते कायमचं. रिकाम्या इंजिन-घरांचं पुढे काय होई तेही ठरलेलं. यंत्र दुसऱ्या खाणीला विकायचं, नाहीतर भंगारात. तुळई उतरवताना मजल्यांची तुळवंटं तोडली जात, छताचे स्लेट पळवले जात आणि पावसाला वाट मिळे. जाड भिंती मात्र पाडायचा खर्च कोणी करत नसे. या इमारती आज दिसतात त्या जपल्या म्हणून नव्हे, पाडणं परवडलं नाही म्हणून. पुढची सत्तर-एक वर्षं आयव्हीची.

माणसांना मात्र आयव्हीची वाट बघत बसता येत नव्हतं. ती आधीच निघाली होती, मेक्सिकोत रेआल देल मॉन्तेला, ऑस्ट्रेलियात मूंटाला, आफ्रिकेत, अमेरिकेत. आणि आपल्याकडेही. डेन्सकूमपासून थोड्याच अंतरावर टॅव्हिस्टॉक आहे. त्याच्या जवळच्या व्हील फ्रेंडशिप खाणीवर १७९८ मध्ये जॉन टेलर नावाचा जेमतेम एकोणीस वर्षांचा मुलगा व्यवस्थापक म्हणून आला. त्याच्या घराण्याच्या ‘जॉन टेलर अँड सन्स’ पेढीने १८८० मध्ये म्हैसूर संस्थानात कोलारच्या सोन्याच्या खाणी हातात घेतल्या. कोलार, म्हणजे शहाजीराजांच्या कर्नाटकातल्या जहागिरीतला मुलूख. खाणीवर देखरेखीला कोण आणायचं हा प्रश्न पेढीला पडलाच नसणार.

तेव्हा बोगद्यापाशी भेटलेल्या माणसांपैकी एखाद्याच्या मागे चला. टेमरवरून प्लिमथ, तिथून आगबोट, सुएझ, एडन, मुंबई. मुंबईला उतरलेल्याला पुढचा रस्ता रेल्वेचा. बोरघाटात गाडी चढते तेव्हा तो खिडकीतून डोंगर पोखरून काढलेले बोगदे बघतो आणि सुरुंग कुठे कसे लावले असतील याचा अंदाज बांधतो, दुसरं काय करणार. पुणे, सोलापूर, रायचूर. मद्रासचा फाटा गाठून बोरिंगपेट. १८९४ पासून तिथून खाणींपर्यंत वेगळा रूळमार्ग आहे.

कोलारला पोचल्यावर त्याला मिळतो बंगला. व्हरांडा, आवार, स्वयंपाकी, पाणी भरणारा. टेमरकाठी ज्याच्या घरात पावसात भांडी मांडावी लागत त्याला आता ‘साहेब’ म्हणतात. खाणीत उतरणारे बहुतेक तमिळ मजूर. ते राहतात ‘लायनीं’मध्ये, बांबूच्या तट्ट्यांच्या, वाकून आत शिरावं लागेल अशा झोपड्यांत. इथेही यंत्राचं घर पक्कं. शिवनसमुद्रच्या धबधब्याची वीज १९०२ मध्ये दीडशेएक किलोमीटर तारांवरून कोलारला आली, त्या काळी जगात इतक्या लांबून वीज क्वचितच कुठे आणली असेल. त्या तारा आधी खाणीवर गेल्या, मग बंगल्यांत. लायनीं‌ना वाट बघावी लागली. आणि आपला माणूस, जो विषाच्या बोगद्यात अंगाला माती फासून वाकून शिरत होता, सोमवारी पहाटे शाफ्टच्या तोंडाशी हजेरीची वही घेऊन उभा राहतो, उशिरा आलेल्याचा अर्धा दिवस कापतो आणि पुढच्याचं नाव पुकारतो.